पडणार की नाही, ते सांगा

खगोलशास्त्रज्ञांचं आणि मराठी मध्यमवर्गाचं कधी सूत जुळेल असं मला वाटत नाही. भांडण वैयक्तिक नाही. आपल्याला हो किंवा नाही हवं असतं आणि ही मंडळी टक्के सांगतात. बरं, सांगितलेल्या टक्क्यांवर ठाम तरी राहावं! सोमवारी एक आकडा, गुरुवारी दुसरा, पुढच्या मंगळवारी पहिले दोन्ही रद्द. आणि हे सगळं चारचौघांत, तारीखवार, वेबसाइटवर मांडून. आपल्याकडे माणूस आकडा फिरवतो तेव्हा निदान आधीचा खोडून तरी टाकतो.

माझ्याकडे एक छोटी दुर्बीण आहे. एवढ्याशा भांडवलावर आमच्या सोसायटीत आकाशातल्या प्रत्येक घडामोडीची जबाबदारी माझ्यावर आलेली आहे. चंद्राला खळं पडलं तरी मलाच विचारतात आणि उत्तर दिलं की ‘नक्की ना?’ असंही मलाच विचारतात. त्यामुळे २०२५ चा फेब्रुवारी महिना मला फार जड गेला.

झालं होतं असं की २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. नाव २०२४ वायआर-४. आकार साधारण साठ मीटर, म्हणजे आमच्या मागच्या गल्लीत नुकत्याच उभ्या राहिलेल्या वीस मजली टॉवरएवढा. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळू शकतो असं निघालं. कुठे आदळू शकतो त्याचा पट्टाही त्यांनी काढला: पॅसिफिकचा पूर्व भाग, दक्षिण अमेरिकेचं वरचं टोक, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र आणि पुढे दक्षिण आशिया. वर्तमानपत्रांनी लगेच पट्ट्यातल्या शहरांची यादी छापली. तीत बोगोटा होतं, लागोस होतं, मुंबई होती. आमच्या डोंबिवलीचा स्वतंत्र उल्लेख नव्हता. त्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर थोडी नाराजी व्यक्त झाली, पण ती आता अंगवळणी पडलेली आहे.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. म्हणजे जाणार आहे. म्हणजे सर्वसाधारण सभेत तसा ठराव झाला आहे. त्यामुळे बातमी वाचल्याबरोबर सेक्रेटरीसाहेब फाइल घेऊनच माझ्याकडे आले.

“हे बघा,” ते म्हणाले, “बिल्डर पझेशन २०३० ला देतो म्हणतोय. म्हणजे २०३२ धरा. आणि डिसेंबर बत्तीसला हा तुमचा दगड.”

“माझा नाही हो.”

“कोणाचा का असेना. पडणार की नाही, ते सांगा. पडणार असेल तर कॉर्पस फंड आधी मागून घेऊ, बांधकामाचं नंतर बघू.”

मी त्यांना सांगितलं, शक्यता एक टक्क्याच्या वर गेली आहे. त्यांनी फाइलवर ‘१%’ असं लिहून घेतलं. १८ फेब्रुवारीला ती ३.१ टक्के झाली. एवढ्या आकाराच्या कुठल्याही दगडासाठी आजवर नोंदवलेली ही सर्वांत मोठी शक्यता. साहेबांनी खाडाखोड करून तीन लिहिलं. दोनच दिवसांनी ती पाव टक्क्याच्या आसपास आली आणि आठवडा उलटायच्या आत ०.००४ झाली, म्हणजे विषय संपला. साहेब पेन हातात धरून माझ्याकडे असे बघत होते, की दशांशचिन्ह मीच सरकवलं असावं.

आता यातली गंमत अशी की शक्यता आधी वाढणं आणि मग एकदम कोसळणं हेच अशा प्रकरणात अपेक्षित असतं. दगड नवा सापडतो तेव्हा त्याची कक्षा नेमकी माहीत नसते. आठ वर्षांनंतर त्या दिवशी तो लाखो किलोमीटर लांबीच्या एका पट्टीत कुठेही असू शकतो, एवढंच सांगता येतं. त्या पट्टीत पृथ्वी हा एक ठिपका. जसजशी निरीक्षणं वाढतात तसतशी पट्टी दोन्हीकडून आखडते. ठिपका अजून पट्टीतच असेल, तर लहान झालेल्या पट्टीत त्याचा वाटा आपोआप मोठा दिसतो. मग एक दिवस पट्टीचं टोक पृथ्वीला ओलांडून पलीकडे सरकतं आणि आकडा धाडकन शून्याशी येतो. दगड पहिल्या दिवसापासून जिथून जायचा तिथूनच जात असतो. बदलते ती आपली माहिती.

हे मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना समजावून सांगितलं. काकांचा उभा जन्म सरकारी बँकेत गेलेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एका शब्दात निकाल दिला: “दाबलं.”

“काय दाबलं?”

“प्रकरण. एकाचे तीन झाले, तिनाचं एकदम शून्य? अशी एंट्री मी आयुष्यात पास केली नसती.”

पुढे त्याच वर्षी, हा दगड चंद्रावर आदळण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास असल्याचं जाहीर झालं. मी आपण होऊन सेक्रेटरीसाहेबांना सांगायला गेलो. त्यांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. चंद्र आपल्या वॉर्डात येत नाही.

याउलट जे खरोखर पडतं, त्याचे टक्के कोणी आधी सांगत नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून उत्तर महाराष्ट्रापर्यंत लोकांनी आकाशात आगीच्या लोळांची एक रांग सरकत जाताना पाहिली आणि अर्थातच मोबाइलवर काढली. थोड्या वेळात चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास तीनेक मीटर. आसपासच्या गावांत धातूचे गोळेही सापडले. चिनी अग्निबाणाचा हा टप्पा असावा, २०२१ च्या फेब्रुवारीत सोडलेल्या लाँग मार्च ३बी चा, असं जाणकारांनी सांगितलं. नंतर इस्रोचे लोकही येऊन बघून गेले. पण त्याआधी ते कडं गेलं ते पोलीस ठाण्यात. मला हे फार आवडलं. अवकाशातून आलेली वस्तू कुठे न्यायची याबद्दल जगभर परिषदा भरतात, करार होतात, त्यांचे मसुदे वर्षानुवर्षं अडतात. सिंदेवाहीत मात्र हा प्रश्न पडला नाही. बेवारस वस्तू सापडली, ठाण्यात जमा करा. पंचनामा करताना ‘वस्तू कोठून आली’ या प्रश्नापुढे हवालदारांनी काय लिहिलं असेल, आणि पंच म्हणून सही करणाऱ्या दोघांनी ‘समक्ष’ या शब्दाचा काय अर्थ घेतला असेल, याची मला अजून उत्सुकता आहे.

काकांना मात्र चीनपेक्षा दूरचं काहीतरी हवं होतं. ते १ जुलै २०२५ ला मिळालं. पुन्हा चिली आणि पुन्हा ॲटलसच. या वेळी सापडला तो ३आय/ॲटलस, म्हणजे सूर्यमालेबाहेरून आलेला, आपल्याला ठाऊक झालेला तिसरा पाहुणा. पहिला २०१७ चा ओमुआमुआ, दुसरा २०१९ चा बोरिसोव्ह. हा तिसरा सेकंदाला साठेक किलोमीटर वेगानं आला, ऑक्टोबरअखेर सूर्याला वळसा घातला आणि १९ डिसेंबरला पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला. जवळ म्हणजे सुमारे २७ कोटी किलोमीटर. सूर्यदेखील आपल्याला याहून जवळ आहे.

हार्वर्डचे आवी लोब यांनी, ही परग्रहवासीयांनी बनवलेली वस्तू असू शकते, अशी शंका बोलून दाखवली. बाकीच्या खगोलशास्त्रज्ञांनी सांगितलं की याला शेंडी आहे, शेपटी आहे, यातून वायू निघतोय, हा धूमकेतू आहे. जेम्स वेब दुर्बिणीला यात पाण्याच्या मानानं कार्बन डायऑक्साइड फार जास्त आढळला. हेच खरं नवल होतं, कारण दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याच्या अंगणात, आपला सूर्य जन्मण्याच्याही आधी कदाचित, हा बर्फ गोठला असेल. पण कार्बन डायऑक्साइडवर ग्रुपमध्ये चर्चा होत नाही. चर्चा झाली ती वेगळ्याच गोष्टीची. मंगळाभोवती फिरणाऱ्या नासाच्या यानानं ऑक्टोबरच्या सुरुवातीला याचे फोटो काढले आणि ते काही दिसेनात.

“बघा,” काका म्हणाले.

“अहो काका, अमेरिकेत सरकारचं बजेट मंजूर झालेलं नाही. कचेऱ्या बंद आहेत. फोटो टाकायला माणूस जागेवर नाही.”

काकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. सरकारी काम सरकारी कारणानं अडू शकतं, हे उभा जन्म सरकारी बँकेत काढलेल्या माणसाला पटू नये! परग्रहवासीयांवर त्यांचा चटकन विश्वास बसला, साहेब रजेवर असण्यावर बसला नाही. नोव्हेंबरात कचेऱ्या उघडल्या, फोटो आले, त्यात अस्पष्ट पांढरा ठिपका होता. काकांनी तो मोठा करून, उलटा करून, चष्मा काढून बघितला आणि पुन्हा तोच शब्द उच्चारला.

आता याच्या अगदी उलट प्रकार सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं एक निष्कर्ष मांडला. आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षांवर, सिंह राशीच्या दिशेला, के२-१८बी नावाचा ग्रह आहे. त्याच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइडच्या, किंवा त्याच्या जवळच्या भावंडाच्या, खुणा दिसतात असं त्यांचं म्हणणं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळापासून निघतो. समुद्राला जो समुद्राचा वास येतो त्यात याचा हात असतो. मालवणकडच्या माणसाला हे प्रयोगशाळेत न जाता कळावं. तर हा संकेत निव्वळ योगायोगानं आलेला असण्याची शक्यता ०.३ टक्के, असं त्यांनीच सांगितलं. आपल्या भाषेत नव्याण्णव पूर्णांक सात टक्के खात्री. एवढ्यावर आपण जागेचं टोकन देऊन, वास्तुशांतीचा मुहूर्त काढून, केटररला सांगून मोकळे झालो असतो.

शास्त्रज्ञ म्हणाले, अपुरं आहे. योगायोगाची शक्यता ०.००००६ टक्क्यांच्या खाली आणा, मग शोध म्हणू. इतर गटांनी तीच निरीक्षणं घेऊन पुन्हा हिशेब केले आणि म्हणाले, आम्हाला तर एवढंही ठामपणे दिसत नाही. शिवाय हा वायू एका धूमकेतूवरही सापडलेला आहे आणि तिथे शेवाळ असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे जीवसृष्टी आहे का? माहीत नाही. नाही का? तेही माहीत नाही. सेक्रेटरीसाहेबांना हे मी सांगितलंच नाही.

टक्क्यांचा विषय निघालाच आहे तर ज्यांच्याकडे टक्के नसतात, फक्त खात्री असते, त्यांच्याकडेही वळू. ११ मार्च २०२५ ला शनीचे १२८ नवे चंद्र एका झटक्यात मान्य झाले. एकूण संख्या २७४. हे नवे चंद्र म्हणजे काही किलोमीटरांचे ओबडधोबड गोळे, केव्हातरी एकमेकांवर आदळून फुटलेल्यांचे तुकडे. त्याच महिन्याच्या २९ तारखेला शनी मीन राशीत गेला आणि मेषेच्या लोकांना साडेसाती लागली. आमच्या घरी मेष राशीचं माणूस आहे, आणि ते मी नव्हे, एवढं सांगितलं की पुरे. दर शनिवारी तेल सुरू झालं. मी सहज विचारलं, “या १२८ चंद्रांचंही काही द्यावं लागतं का?” तर उत्तर आलं, “तुम्हाला चेष्टाच सुचते. गुरुजींनी सगळं पाहून सांगितलंय.” गुरुजींनी पाहिलं तेव्हा शनीचे १४६ चंद्र होते की २७४, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

साडेसातीत खगोलशास्त्र मुळीच नाही असं मात्र नाही. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणून एका राशीत सुमारे अडीच आणि तीन राशींत साडेसात. इथपर्यंतचं गणित चोख. त्याच्या पुढचं काय, ते जयंत नारळीकरांनी तपासून पाहिलं होतं. नरेंद्र दाभोलकर आणि इतर काही जणांना बरोबर घेऊन त्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांसमोर कुंडल्या ठेवल्या. काही हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कोणती कोणाची एवढंच सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून ठरवलं असतं तर पन्नास आले असते. नारळीकर २० मे २०२५ ला गेले. तो ४६ चा आकडा आमच्या ग्रुपवर मी एकदा टाकला होता. खाली फुलांचे गुच्छ आले आणि एकानं ‘शुभ सकाळ’ म्हटलं.

आकाश स्वतःच बघावं म्हटलं, तर अंधाराचं काही खरं राहिलेलं नाही. डोंबिवलीच्या गच्चीवरून व्याध, गुरू आणि विमानं एवढंच दिसतं. मुंबईकडचे लोक तारे बघायला कर्जत लाइनवर वांगणीला जातात. खगोल मंडळानं तिथे दोन-तीन पिढ्यांना आकाश दाखवलंय. पण त्या बाजूलाही आता टॉवरचे दिवे चढताहेत. अधिकृत अंधार हवा असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्पात जावं. जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून त्याची नोंद झाली. तिथे अंधार उत्तम आहे. वाघही आहेत. त्यामुळे मान वर करून किती वेळ उभं राहायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

२०२५ च्या नोव्हेंबरात मी असाच एका आकाशदर्शनाच्या रात्री रांगेत उभा होतो. अशा रांगेला स्वतःचे नियम असतात. पहिला माणूस दुर्बिणीला हात लावतो आणि शनी निघून जातो. कार्यकर्ता न रागावता शनी परत आणून देतो. दुसरा डोळा लावतो तो चुकीचा, म्हणजे मिटलेला. तिसऱ्याच्या टोपीचा पुढचा भाग नळीला अडकतो. चौथ्या काकू पुढे झाल्या, नीट वाकल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या,

“कडी कुठाय?”

“ती बारीक रेघ आहे ना, तीच.”

“पुस्तकात चांगली रुंद असते.”

“या वर्षी कडी आपल्याकडे धारेवर आहेत. दर चौदा-पंधरा वर्षांनी असं होतं. ती इतकी पातळ आहेत की बाजूनं पाहिली तर दिसतच नाहीत.”

काकूंनी मान वर केली. “हे पैसे भरायच्या आधी सांगायला हवं होतं.”

खरं तर कडी पसरलेली कोणालाही दिसतात. धारेवरचा शनी बघायला मिळणं ही दुर्मीळ गोष्ट. पण दुर्मीळ गोष्ट बघितल्याचं समाधान आणि पैसे वसूल झाल्याचं समाधान ही दोन निराळी समाधानं आहेत, आणि रांगेत पहिलं फारसं कोणाला नको असतं.

शनीनंतर देवयानी. त्या महिन्यात ती संध्याकाळी जवळजवळ डोक्यावर येते. शेजारी शर्मिष्ठा, पलीकडे ययाती, म्हणजे सगळं प्रकरण एकाच भागात नांदतं. देवयानी तारकासमूहात एक धुरकट ठिपका दिसतो, ती आपली शेजारीण दीर्घिका, २५ लाख प्रकाशवर्षांवर. सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगानं ती आपल्या आकाशगंगेच्या दिशेनं येते आहे. २०१२ साली हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून जाहीर झालं होतं की ४०० कोटी वर्षांनी दोघींची टक्कर होऊन एकच दीर्घिका होणार. सगळ्यांनी हे ठरल्यासारखं धरलं. संगणकावर चित्रफिती झाल्या, जोडनावही ठरलं. मग जून २०२५ मध्ये नवा अभ्यास आला. त्यात म्हटलं की पुढच्या हजार कोटी वर्षांत हे मीलन होण्याची शक्यता पन्नास टक्के, आणि आधी सांगितलेल्या मुदतीत तर जवळजवळ नाहीच.

छत्तीसपैकी अठरा. आपल्याकडे एवढ्यावर पत्रिका जुळली म्हणतात आणि हॉल बुक करतात. इथे मात्र बैठक फिसकटण्याच्या बेतात आहे. कारण विचाराल तर तेही ओळखीचं: दोन्हीकडचे नातेवाईक. देवयानीजवळची एम-३३ दीर्घिका जमवू बघते. आपल्या आकाशगंगेजवळचा मोठा मॅजेलनी मेघ आपल्या गुरुत्वाकर्षणानं आकाशगंगेला जरासा बाजूला ओढतो आणि मोडता घालतो. हा मेघ महाराष्ट्रातून धड दिसतही नाही, दक्षिण क्षितिजाला चिकटून असतो. असे नातेवाईक नेहमी लांबच राहतात. देवयानीचं मला वाईट वाटतं. आधी कचानं नाही म्हटलं, मग ययातीनं काय केलं ते सर्वांना माहीत आहे, आणि आता हे.

यापेक्षाही लांबलेली वाट उत्तर मुकुटातल्या एका ताऱ्यानं बघायला लावली आहे. टी कोरोना बोरिॲलिस. एक पांढरा बटू तारा शेजारच्या फुगलेल्या लाल ताऱ्याकडचा वायू ओढून घेतो, पृष्ठभागावर थर साचत जातो आणि सुमारे ऐंशी वर्षांनी एकदाच भडका उडतो. १८६६ ला उडाला, १९४६ ला उडाला. भडकला की काही दिवस ध्रुवताऱ्याइतका ठळक दिसतो. २०२४ मध्ये सांगितलं गेलं, सप्टेंबरपर्यंत होईल. मग कोणी मार्च २०२५ म्हणालं, कोणी नोव्हेंबर. मी दोन उन्हाळे गच्चीवर मान मोडून उत्तर मुकुट शोधत होतो. पाण्याच्या टाकीचं बघायला वर आलेले सेक्रेटरीसाहेब एकदा म्हणाले, “पझेशनची वाट बघताय वाटतं.” तारा तीनेक हजार प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे व्हायचं ते तिथे केव्हाच होऊन गेलंय, फक्त कळवलेलं नाही. त्यावर साहेब म्हणाले, बिल्डरही हेच सांगतो.

आणि पुण्याच्या लोकांना राग येऊ नये म्हणून सांगतो, यातलं बरंच काही त्यांच्या दाराशी चालू असतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. तिथे मोबाइल बंद करायला सांगतात. खिशातल्या फोनपुढे दीर्घिकेचा संदेश म्हणजे कुजबुजसुद्धा नव्हे. २०२३ साली याच तबकड्यांनी पकडलेल्या हायड्रोजनच्या एका संकेताची बातमी आली. तो तिकडून निघाला होता ८८० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्य नव्हता, नारायणगावचा टोमॅटो नव्हता. एवढा प्रवास करून तो आला आणि ऐन वेळी कोणाच्या तरी मोबाइलवर ‘पोचलास का?’ असा फोन वाजला, तर त्या शास्त्रज्ञाचं काय होत असेल?

या तबकड्या चालवणारी पुण्यातली संस्था म्हणजे एनसीआरए. तिथल्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ च्या अखेरीस जेम्स वेबच्या चित्रांत एक सर्पिल दीर्घिका शोधली. तिचं नाव अलकनंदा. विश्व केवळ दीडशे कोटी वर्षांचं असतानाची ही दीर्घिका, आणि दोन रेखीव भुजा, मधे गाभा, सगळं जिथल्या तिथे. त्या वयात दीर्घिका अस्ताव्यस्त, गचाळ असायला हवी असा आजवरचा समज होता. इतक्या लवकर इतकं आवरलेलं कसं, हे अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही. पुण्यातल्या लोकांना सापडली म्हटल्यावर मला त्या टापटिपीचं फारसं आश्चर्य वाटलं नाही.

विश्व किती वेगानं प्रसरण पावतंय, यावरून तर उघड दोन तट आहेत. महास्फोटानंतरच्या उजेडावरून मोजणाऱ्यांचा आकडा ६७ येतो. तारे आणि अतिनवतारे यांच्यावरून मोजणाऱ्यांचा ७३. दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला एवढे किलोमीटर, असं ते माप आहे. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं आपापल्या चुका तपासल्या, उणीअधिक धरलं, तरी आकडे एकमेकांना भेटत नाहीत. हे विश्वाचं रहस्य आहे की मोजमापातली खोट, तेच ठरत नाही.

मी हे काकांना सांगितलं. ते क्षणभर विचार करून म्हणाले, “सत्तर धरा आणि खातं बंद करा.”

शिकागोच्या वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला वेगळ्या ताऱ्यांवरून मोजताना खरोखरच सत्तरच्या आसपास आकडा मिळाला आहे. काकांना मी हे कळू दिलेलं नाही आणि वाचकांपैकी कोणीही कळवू नये.

शेवटी एक गोष्ट, जिला टक्केबिक्के काही नाहीत. २०२५ च्या जुलैमध्ये सगळीकडे निरोप फिरला होता की २ ऑगस्टला सगळं जग सहा मिनिटं अंधारात जाणार. काही गेलं नाही. तारीख बरोबर होती, साल चुकलं होतं, आणि ‘सगळं जग’ हे फिरवणाऱ्यांनी पदरचं घातलं होतं. अफवेच्या मानानं हा नेमकेपणा वाखाणण्यासारखाच. खग्रास सूर्यग्रहण आहे ते २ ऑगस्ट २०२७ ला. स्पेनच्या दक्षिण टोकापासून उत्तर आफ्रिका ओलांडून अरबस्तानापर्यंत त्याचा पट्टा जातो आणि इजिप्तमध्ये लक्झरजवळ सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकलेला राहील. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल, दुपार कलल्यावर, ढगांनी दिसू दिलं तर. त्या दिवशी आषाढातली अमावास्या आहे, म्हणजे गटारी. तेव्हा ज्यांचा दुपारनंतरचा कार्यक्रम आधीच ठरलेला असेल त्यांनी तो ग्रहण सुटेपर्यंत पुढे ढकलावा, नाहीतर एकाचे दोन सूर्य दिसून नव्या अफवेला सुरुवात व्हायची. ग्रहण बघायचे चष्मे आत्ताच घेऊन ठेवा, आयत्या वेळी तिप्पट भाव पडतो. घेताना त्यावर आयएसओ १२३१२-२ असं छापलेलं आहे का ते बघा. कपाटावरची एक्स-रेची जुनी फिल्म, मेणबत्तीवर काळी केलेली काच, भाचीचा गॉगल, यातलं काहीही चालत नाही.